घुसखोर फाइल आणि रुपरावांचं नाक

वामनराव काळबांडे यांचं एकही म्हणणं त्यांच्या सासुरवाडीने आजवर मनावर घेतलं नव्हतं. लग्नात त्यांनी मांडवाचं तोंड उत्तरेला ठेवा म्हटलं, तर ते दक्षिणेला ठेवलं गेलं आणि भर दुपारी सगळं ऊन नवरदेवाच्या डोळ्यांवर आलं. पुढे मेहुण्याच्या मळ्यात त्यांनी बोअर मारायला एक जागा दाखवली, तर मेहुण्याने त्या जागेवर म्हशीचा गोठा बांधला आणि वर गोठ्याचं नाव ठेवलं ‘भाऊजीचा पॉइंट’. नरखेड तालुक्यातल्या त्या गावात आजही म्हैस कुठे आहे असं विचारलं, तर लहान पोरसुद्धा "भाऊजीच्या पॉइंटवर" असं सांगतं. त्यामुळे याच मेहुण्याने, म्हणजे रुपरावांनी, यंदा संत्र्याच्या बागेबद्दल वामनरावांचा सल्ला चक्क मानला, तेव्हा वामनरावांना आधी आनंद झाला आणि मागोमाग धास्ती वाटली.

सल्ला साधा होता. दरवर्षी रुपराव झाडावरचा सगळा माल एकाच व्यापाऱ्याला देऊन टाकत आणि मग वर्षभर त्या व्यापाऱ्याच्या नावाने बोटं मोडत. वामनराव म्हणाले की व्यापारी सोडा, वेबसाइट काढा, नागपूरकरांच्या घरी थेट पेट्या पाठवा. वेबसाइट बनवायला आपली गार्गी आहेच. गार्गी ही वामनरावांची एकुलती एक मुलगी, नागपूरच्या मिहान या उद्योगनगरीतल्या एका कंपनीत नुकतीच कामाला लागलेली. रुपरावांनी मिशीवरून हात फिरवत व्यापाऱ्याला रविवारपर्यंत थांबवून ठेवलं. रविवारी सगळ्यांसमोर वेबसाइटचं उद्घाटन व्हायचं होतं. ते नीट झालं तर बाग घरची, नाहीतर सोमवारी बाग व्यापाऱ्याची आणि गावात भाऊजीचा दुसरा पॉइंट.

गार्गीने काम झपाट्याने केलं. वेबसाइट अशी देखणी झाली, की नागपूरजवळच्या वाडीतल्या वामनरावांच्या घराबाहेर ट्रकांचे हॉर्न वाजत असतानासुद्धा तिच्याकडे पाहून बागेत बसल्यासारखं वाटे. वर केशरी पट्टी, बाजूला हिरवी पानं, गोल गोल बटनं आणि एका कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढ्या गोलात रुपरावांचा हसरा फोटो. आईला, म्हणजे मायाबाईंना, दाखवताना गार्गीने समजावूनही सांगितलं, "आई, ही जी वेबसाइट आहे ना, तिचं शरीर वेगळं आणि कपडे वेगळे. रंग, अक्षरं, आकार हे सगळे कपडे. त्याला स्टाइलशीट म्हणतात. माझ्या लॅपटॉपवर हे कपडे घडी करून वेगवेगळे ठेवले आहेत. पण खऱ्या सर्व्हरवर, सुट्या घड्या तिथे पडून असल्या तरी, मी घालायला सगळ्यांचं एकच बोचकं बांधून पाठवते. म्हणजे पाहणाऱ्याला एका खेपेत सगळे कपडे मिळतात."

"म्हणजे लग्नाले जातानी आपण नेतो तसं," मायाबाई म्हणाल्या.

"बस, तसंच."

हे शिक्षण चाललं होतं तेव्हा वामनराव खिडकीपाशी उभे राहून सर्व्हरचा पासवर्ड पाठ करत होते. पासवर्ड त्यांनी हट्टाने मागून घेतला होता. ते सरकारी भांडारातून भांडारपाल म्हणून निवृत्त झालेले गृहस्थ. भांडार आहे आणि त्याची किल्ली दुसऱ्याकडे आहे, ही कल्पनाच त्यांना सहन होत नसे. सर्व्हर म्हणजे शेवटी भांडारच, तिथे माल ठेवलेला असतो आणि जिथे माल आहे तिथे पडताळणी हवी, असं त्यांचं म्हणणं होतं. गार्गीने ‘पाहायचं फक्त’ असं बजावून पासवर्ड दिला. तिने ‘फक्त’ या शब्दावर जोर दिला होता, पण नोकरीत असा जोर देणारे वरिष्ठ वामनरावांनी पुष्कळ पाहिले होते.

मंगळवारी सकाळी आंघोळ करून, कपाळाला गंध लावून त्यांनी सर्व्हरची पहिली पडताळणी केली. पडताळणी म्हणजे काय असते हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. भांडारात तिचा पहिला नियम असा की एकच माल दोन जागी दिसला, तर त्यातला एक खोटा. वामनराव यादी पाहत खाली आले. रंगांची फाइल होती, अक्षरांची होती, बटनांची होती, फोटोंची होती. सगळ्यांची नावं स्वच्छ, घरंदाज. आणि या सगळ्यांच्या शेजारी एक फाइल अशी बसली होती, की जिच्या नावात नुसते आकडे आणि अक्षरं एकमेकांवर पडली होती, जणू कळफलकावरून मांजर चालत गेलं. त्यांनी ती उघडली. आत तेच रंग, तीच अक्षरं, तीच बटनं, पण सगळं एकाला एक चिकटवलेलं, ना परिच्छेद ना मोकळी जागा.

वामनरावांच्या लगेच लक्षात आलं. ही फाइल गार्गीची असूच शकत नव्हती. त्यांची गार्गी वहीत समास सोडून लिहिणारी मुलगी. हा कोणी घुसखोर होता, आणि त्याने घरातल्या मालाची नक्कल करून आत बिऱ्हाड केलं होतं. पेपरात व्हायरसच्या बातम्या त्यांनी वाचल्या होत्या. त्यांनी चष्मा पुसला, घुसखोराला पुसून टाकलं आणि मग चहा मागितला. पोरीला आत्ताच सांगून घाबरवायचं नाही, रविवारी सासुरवाडीच्या माणसांदेखत सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. चहा त्या दिवशी विशेष चांगला लागला.

चहाचा कप खाली ठेवतात तोच रुपरावांचा फोन आला.

"भाऊजी, वेबसाइटले काय झालं जी? नुसतं माहं नाक दिसून राहिलं!"

"नाक?"

"नाक! पुरा फोनभर नाक! मंग खाली सरकवलं त मिशी. मिशी सरता सरत नाही. बोट घासू घासू थकलो, तवा कुठं खाली एक संत्रा आला. आन् ना रंग, ना पट्टी, ना बटन. काळी अक्षरं पांढऱ्यावर, शाळेतल्या फळ्यासारखी उलटी. वेबसाइट उघडी पडली हाय तुमची, भाऊजी."

वामनरावांनी आपला फोन काढून पाहिलं. वेबसाइट नेहमीसारखी नटूनथटून बसली होती आणि कोपऱ्यातल्या गोलात रुपराव हसत होते. "माझ्या फोनवर तर बराबर दिसून राहिलं," ते थंडपणे म्हणाले. "तुमचा फोन तपासा."

हे वाक्य फार महागात पडलं. रुपराव फोन घेऊन एस.टी.ने तालुक्याच्या गावी गेले. तिथल्या दुकानदाराने फोन पाहिला, मान हलवली आणि तो मुळापासून धुऊन परत दिला. त्या धुण्यात नातीच्या बारशाचे सगळे फोटो गेले. नाक मात्र तिथेच राहिलं.

संध्याकाळी मिहानहून आल्यावर गार्गीने पाहिलं, तर सर्व्हरवर बोचकं नव्हतं. तिने कपाळाला हात लावला, नवं बोचकं बांधलं आणि चढवलं. नवं बांधलं की त्याचं नाव आपोआप नवं होतं. "माझंच काही राहिलं असेल," ती म्हणाली. वामनरावांनी नेहमीप्रमाणे आपल्या फोनवर वेबसाइट उघडून पाहिली, समाधानाने मान डोलवली आणि जेवायला बसले.

बुधवारी सकाळी पडताळणीत पुन्हा घुसखोर सापडला, आणि तोही वेगळ्या नावाने! वामनरावांना त्याच्या निर्लज्जपणाचं नवल वाटलं. भांडारातसुद्धा एकदा हाकललेला ठेकेदार निदान महिनाभर तोंड दाखवत नसे. त्यांनी त्याला पुन्हा पुसलं.

बुधवारी दुपारी मायाबाईंच्या भिशीत नाक पोहोचलं. मायाबाईंनी मोठ्या हौसेने "आमच्या गार्गीनं बनवलं वं" म्हणत सगळ्यांना पत्ता दिला होता. बायकांनी आपापले फोन उघडले आणि एकमेकींच्या फोनात डोकावून पाहिलं. शेवटी एकीने हळूच विचारलं, "माया, नाक-कान-घशाचा दवाखाना काढून राहिले का वं तुम्ही?" मायाबाई घरी आल्या त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या, आणि भांड्यांच्या आवाजावरून वामनरावांना सगळं कळलं.

आता ही गोष्ट घराबाहेर गेली होती, त्यामुळे शेजारी मनोहरराव आपोआप आत आले. मनोहरराव हे निवृत्त मुख्याध्यापक. प्रश्न पूर्ण व्हायच्या आत उत्तर देण्याची सवय त्यांना शाळेतच लागली होती. त्यांनी आधी फोन बंद करून चालू करायला सांगितला. मग फोनचं कव्हर काढायला सांगितलं. मग फोन पूर्वेकडे तोंड करून धरायला सांगितला. यातलं काही चाललं नाही तेव्हा ते म्हणाले, "वामनराव, सर्व्हर तापला असंल. नागपूरचं ऊन आहे बाप्पा. त्याले जरा आराम द्या." आपला सर्व्हर कुठल्या देशात आहे हे वामनरावांना माहीत नव्हतं, पण तिथेही ऊन असेलच, म्हणून त्यांनी मान हलवली.

दुसरा शेजारी अश्विन रामटेके. अमरावती रोडवर त्याची ट्रान्सपोर्ट कंपनी होती, त्यामुळे जगातली कुठलीही अडचण त्याला मालवाहतुकीचीच वाटे. बहिणीला स्थळ येत नव्हतं तेव्हाही तो "रूट चुकून राहिला" असंच म्हणाला होता. त्याने सगळं ऐकलं आणि तो म्हणाला, "काका, माल निघून राहिला, पण पोचून नाही राहिला. मधात कुठंतरी कोणी उतरवून घेऊन राहिलं. मधातला माणूस पकडा."

"मधातला माणूस!" वामनराव उद्गारले. त्यांच्या डोळ्यांपुढे घुसखोर आला. अश्विनला सगळं सांगून टाकावं असं त्यांना फार वाटलं, पण रविवार जवळ होता, म्हणून त्यांनी जीभ आवरली.

गुरुवारी त्यांनी कायदेशीर मार्ग धरला. सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीला फोन केला. फोनवर आधी बराच वेळ सतार वाजली, मग एका मुलीने तक्रार लेखी पाठवा म्हणून सांगितलं. लेखी हा शब्द ऐकताच वामनरावांचं सगळं शरीर ताठ झालं. निवृत्तीनंतर त्यांना कोणी लेखी काही मागितलंच नव्हतं. त्यांनी पाट मांडून पत्र लिहिलं. ‘विषय: आमच्या वेबसाइटची वस्त्रे गहाळ झाल्याबाबत.’ खाली ‘महोदय, उपरोक्त विषयान्वये’ अशी सुरुवात करून त्यांनी घुसखोराचा उल्लेख मुद्दाम टाळला, कारण चौकशी चालू असताना पुरावा फोडायचा नसतो. पत्राला जावक क्रमांक दिला. घरात जावक क्रमांक द्यायची पद्धत नव्हती, ती त्या दिवसापासून सुरू झाली.

कंपनीने आधी ओळखपत्र मागितलं. मग ओळखपत्रावरचा पत्ता आणि अर्जावरचा पत्ता जुळत नाही म्हणून ते परत पाठवलं, कारण एका जागी ‘वाडी’ लिहिलं होतं आणि दुसऱ्या जागी ‘वाडी, नागपूर’. हे दुरुस्त झाल्यावर कंपनीचा माणूस वेबसाइट तपासायला बसला, तो नेमका शुक्रवारी संध्याकाळी, गार्गीने नवं बोचकं चढवल्यानंतर. त्याला वेबसाइट अंगभर कपड्यांत दिसली. ‘कोणतीही अडचण आढळून आली नाही, तक्रार निकाली काढण्यात येत आहे’ असं उत्तर आलं. आपणही नोकरीत कितीतरी तक्रारी याच वाक्याने निकाली काढल्या होत्या, हे आठवून वामनरावांना त्या वाक्याचा पहिल्यांदाच राग आला.

शनिवारी सुट्टी होती, पण गार्गीचा चेहरा पार उतरला होता. ती लॅपटॉप मांडीवर घेऊन पायरीवर बसली होती. "बाबा, तुम्ही माझ्या फायलींना हात तर नाही ना लावला?"

"तुझ्या एकाही फाइलला बोट लावलं नाही," वामनराव छातीवर हात ठेवून म्हणाले, आणि त्यांच्या परीने हे शंभर टक्के खरं होतं.

"मग काय होऊन राहिलं? संध्याकाळी मी टाकते, रात्री असते, सकाळी गायब. मामाने माझ्या भरवशावर व्यापाऱ्याला थांबवलं. ऑफिसात कळलं तर मला छोटंसं काम द्यायलाही घाबरतील." तिने लॅपटॉप मिटला. "मला येतच नाही बहुतेक हे. उगाच मोठेपणा केला."

आतापर्यंत त्यांना आपल्या शब्दाची काळजी होती. मेहुणा, गाव, दुसरा पॉइंट, हे सगळं होतंच. पण पायरीवर बसलेली ती पोर पाहून त्यांना दुसरं काही सुचेना. आणि मग एकदम त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. हे सगळं तो घुसखोरच करत होता! तोच येऊन कपडे पळवत होता! त्याला रोज सकाळी हाकलूनही तो रोज परत येत होता आणि त्यांच्या मुलीला रडवत होता. उद्या सगळ्यांसमोर त्याचा निकाल लावायचा, अशी त्यांनी मनोमन शपथ घेतली.

"उद्या पाह्य तू," ते म्हणाले. "तुझा बाप अजून आहे."

रविवारी सकाळी घर भरून गेलं. रुपराव पांढरा शर्ट आणि नवी टोपी घालून आले होते. मनोहरराव सर्वांत पुढची खुर्ची धरून बसले होते. अश्विन दारात उभा होता, कारण त्याचा ट्रक बाहेर गल्ली अडवून उभा होता. मायाबाईंनी टीव्हीला हळदीकुंकू लावलं. गार्गीने लॅपटॉप टीव्हीला जोडला. रात्री तिने पुन्हा नवं बोचकं चढवलं होतं, आणि वामनरावांनी आजची पडताळणी मुद्दाम समारंभासाठी राखून ठेवली होती. त्यामुळे पडद्यावर वेबसाइट पूर्ण कपड्यांत आली. केशरी पट्टी, हिरवी पानं, गोलातले रुपराव.

"वा!" रुपराव आपल्याच फोटोकडे पाहत म्हणाले. "असा हाय होय मी. आठ दिवस मले वाटलं, मी नुसता नाकच हाय."

गार्गीच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू आलं. "मामा, आता कायम असंच राहील. कालपासून मी..."

"थांब," वामनराव उभे राहिले. त्यांनी घसा साफ केला. "मंडळी, उद्घाटनाच्या आधी मला एक खुलासा करायचा आहे. गेला आठवडाभर या वेबसाइटवर एक हल्ला चालू आहे. गार्गीला माहीत नाही, कोणालाच माहीत नाही. पण मी, रोज सकाळी, एकट्याने, त्याच्याशी झुंजून राहिलो."

मनोहरराव पुढे सरकले. रुपरावांच्या डोळ्यांत भाऊजींबद्दल आदर दिसला. असा आदर वामनरावांनी लग्नापासून पाहिला नव्हता, त्यामुळे त्यांचा आवाज आणखी चढला. त्यांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला, पासवर्ड खडाखडा टाकला आणि टीव्हीवर सर्व्हरची यादी उघडली.

"हा पाहा! हा! नाव धड नाही, गाव धड नाही. घरातलाच माल चोरून, नक्कल करून, एकात एक कोंबून बसला आहे. रोज नाव बदलून येतो. आणि रोज मी त्याला असा..."

"बाबा, नाही!" गार्गी ओरडली.

"...असा पुसून टाकतो!"

मनोहरराव टाळ्या वाजवू लागले. सवयीने दुसऱ्या कोणी दोन टाळ्या मारल्या. वामनराव विजयी मुद्रेने वळले आणि म्हणाले, "आता दाखव वेबसाइट. आता कशी निर्धास्त दिसते पाहा."

गार्गीने दुसरी, आधीचं काहीच जपून न ठेवणारी कोरी खिडकी उघडली. टीव्ही मोठा होता. त्यावर या कडेपासून त्या कडेपर्यंत रुपरावांचं नाक आलं. डाव्या नाकपुडीजवळचा तीळ थाळीएवढा दिसत होता. बाहेर अश्विनच्या ट्रकमागे कोणीतरी जोरजोरात हॉर्न वाजवत होतं, पण घरात कोणाला हलायची शुद्ध नव्हती.

"ते बोचकं होतं, बाबा," गार्गी हळू आवाजात म्हणाली. "कपड्यांचं. माझं."

"पण माझ्या फोनवर तर..."

"तुम्ही रोज संध्याकाळी उघडत होते ना. तुमच्या फोनने कपडे जपून ठेवले होते. उघडी ती बाकीच्या सगळ्यांना दिसून राहिली होती."

रुपराव आधी टीव्हीकडे आणि मग वामनरावांकडे पाहत राहिले. मग त्यांच्या पोटातून काहीतरी वर यायला लागलं, खांदे हलले, टोपी पडली आणि ते मांडीवर थाप मारून इतके हसले, की मायाबाईंना त्यांना पाणी द्यावं लागलं. "भाऊजी! म्हणजे आठ दिवस मले तुम्हीच उघडा करून राहिले होते! आन् तालुक्याले जाऊन मी फोन धुऊन आणला!" सगळं घर हसत सुटलं. गार्गीसुद्धा हसली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले, कारण आपल्याला काम येतं हे तिला आत्ता कळलं होतं. तेवढ्यापुरतं वामनरावांनाही बरं वाटलं. मग ते मागच्या अंगणात जाऊन तुळशीकडे तोंड करून उभे राहिले.

त्या गडबडीत मनोहररावांनी एक काम मात्र अचूक केलं होतं. त्यांनी टीव्हीवरच्या नाकाचा फोटो काढून कॉलनीच्या ग्रुपवर टाकला होता, ‘नाकासमोरची संत्री’ असं लिहून. दुपारपर्यंत तो फोटो वाडीतून निघून सगळ्या नागपुरात फिरला. हे नाक कुणाचं हे पाहायला लोक वेबसाइटवर यायला लागले. तोवर गार्गीने नवं बोचकं चढवून पासवर्ड बदलला होता. लोक नाक शोधायला आले आणि त्यांना देखणी वेबसाइट सापडली. नाक नाही म्हणून हळहळत का होईना, ते संत्र्याच्या पेट्या मागवू लागले. संध्याकाळी रुपरावांनी व्यापाऱ्याला फोन करून नाही म्हणून सांगितलं, आणि ते सांगताना मिशीला दोनदा पीळ दिला.

वामनरावांचा सल्ला खरा ठरला होता. पण त्याचं श्रेय त्यांना कोणी देईना. "माह्या नाकानं बाग वाचवली" असं रुपराव गावभर सांगत सुटले. गार्गीने लॅपटॉपवरच्या फाइल पुसायच्या बटनाला ‘भाऊजीचा पॉइंट’ असं नाव दिलं, आणि हे नाव मिहानमधल्या तिच्या ऑफिसातही रूढ झालं. म्हणजे दुसरा पॉइंट झालाच.

त्यांचं मन राखायला म्हणून की काय, पेट्या उतरवायचं काम त्यांच्याकडे आलं. अश्विनच्या गोदामाचा एक कोपरा मिळाला. रोज सकाळी रुपरावांच्या गावाहून पेट्या येत, त्यांवर गिऱ्हाइकाचं नाव आणि पत्ता असे, आणि त्या गाडीने घरोघर जात. गोदामाची किल्ली वामनरावांकडे होती. खरी, लोखंडी किल्ली. ते कंबरेला लावून ती वाजवत चालत आणि आठवड्याभरानंतर पुन्हा सरळ मानेने चालू लागले.

पहिल्याच दिवशी पडताळणीत एक पेटी जास्त निघाली. नाव नाही, पत्ता नाही, चिठ्ठी नाही. वामनरावांचा हात क्षणभर थांबला, पण नियम तो नियम, आणि इथे तर पुसायचं बटनही नव्हतं. त्यांनी पेटी परतीच्या गाडीने गावी पाठवून दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बिननावाची पेटी आली. ही जास्त मोठी होती आणि तिच्यावर सुतळीची नीट गाठ मारली होती. त्यांनी तीही परत पाठवली. तिसऱ्या दिवशीच्या पेटीत वर हिरवी पानं ठेवलेली दिसत होती. तीही परत गेली.

चौथ्या दिवशी सकाळी पेटीसोबत रुपराव स्वतः आले. हसू नव्हतं, मिशी खाली पडली होती. रविवार होता, म्हणून गार्गीही गोदामात होती. रुपरावांनी टोपी काढून हातात धरली.

"भाऊजी, लय राग आला का जी?"

"कशाचा?" वामनराव म्हणाले.

"निवडून निवडून संत्री पाठोली तुमच्या घरी खायाले, तुम्ही तोंडही न पाहता वापस करून राहिले. एकदा नाही, तीनदा. घरवाली रडून राहिली. म्हणे, भाऊजीच्या सल्ल्यानं बाग राहिली आन् तुम्ही त्याईले चारचौघात हसले." त्यांनी हातातली टोपी फिरवली. "चुकलंच माहं. मांडवाच्या दिवसापासून चुकून राहिलं. तुमचा शब्द खरा होता, भाऊजी. तो गोठा हलवतो मी. तिथंच बोअर मारतो, तुम्ही दाखवला तिथं."

वामनरावांनी पायाशी ठेवलेल्या बिननावाच्या पेटीकडे पाहिलं. गेल्या तीन पेट्या त्यांच्या डोळ्यांपुढून एकामागून एक गेल्या, आणि त्या कोणाच्या होत्या हे त्यांना आत्ता समजलं. त्यांचं तोंड उघडलं. मग त्यांनी ते हळूच मिटलं, किल्ली कंबरेला नीट लावली आणि आयुष्यभर जपून ठेवलेल्या गांभीर्याने मेहुण्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"जाऊ द्या, रुपराव. झालं गेलं. म्हशीला मात्र सावलीत हलवा."

रुपरावांनी डोळे पुसले, ते पाया पडले आणि चहा आणायला बाहेर गेले. गार्गी जवळ आली. तिने पेटी चारही बाजूंनी फिरवून पाहिली, मग बापाकडे पाहिलं.

"बाबा, या पेट्यांवर नाव नव्हतं ना?"

वामनरावांनी सुतळी सोडली, वरचं संत्रं घेऊन सोललं आणि एकदम इतक्या फोडी तिच्या तोंडात दिल्या, की तिला पुढे काही बोलताच येईना.